आखेनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेताना : घरापासून दूरच्या रोजच्या जगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमांना लागून असलेल्या आखेन शहरात मी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगलीहून जलअभियांत्रिकी शिकण्यासाठी आले. तेव्हापासून दर वर्षी, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात, इकडे येऊ घातलेल्या मुलामुलींचे आणि तितक्याच काळजीने त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न माझ्याकडे येत असतात. बहुतेक प्रश्न तेच ते असल्यामुळे त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे वाटले. प्रवेशाची आणि व्हिसाच्या अर्जाची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती येथे दिलेली नाही. येथे आहे ते विमानातून उतरल्यानंतरचे जगणे. रकमा बदलत राहतात, तेव्हा रकमेसोबत लिहिलेले वर्ष अवश्य पाहावे.

१. महिन्याला नेमका किती खर्च येतो? ब्लॉक खात्यातले पैसे पुरतात का?

व्हिसासाठी जे ब्लॉक खाते उघडावे लागते, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात आणि येथे आल्यावर तेवढीच रक्कम दरमहा हाती पडते. आखेनसारख्या मध्यम शहरात ती काटकसरीने पुरते. माझ्या आणि माझ्या ओळखीच्या मुलांच्या वह्यांत भाड्याचे साधारण ३०० ते ४५०, विद्यार्थ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे १४० ते १५० आणि किराणा व मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खाणावळ, यांचे मिळून २०० युरो असा हिशेब असतो. या राज्यातील सरकारी विद्यापीठात शिकवण्याचे शुल्क नाही. दर सत्राला सुमारे ३०० युरो भरावे लागतात आणि त्यातच देशभरातील बस व प्रादेशिक रेल्वेचा पास येतो. अतिजलद आयसीई गाड्यांना मात्र तो पास चालत नाही, आणि पहिल्या महिन्यात अनेकांना दंड होतो तो याच गैरसमजामुळे.

पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळा धरावा. अनामत, उशी-पांघरूण, भांडी, थंडीचा कोट हे सगळे एकाच वेळी येते आणि ब्लॉक खाते सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून त्याशिवाय हजारभर युरो जवळ असावेत.

माझे बाबा हळद बाजारात अडत्याकडे हिशेब लिहितात. त्यांनी निघताना मला एक लाल पाठीची वही दिली आणि रोज रात्री लिहीत जा म्हणून सांगितले. पहिले सहा महिने मी प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून पाहत असे आणि कॉफीच्या पेल्यापाशी अपराधी वाटत असे. ते करू नये. रुपयांतला हिशेब कर्जाच्या हप्त्यापुरता ठेवावा. खर्च ज्या चलनात होतो, त्याच चलनात लिहावा.

२. खोली किती आधीपासून शोधावी? घरमालक आधी अनामत मागतो, ती पाठवावी का?

प्रवेशाचे पत्र हाती आले त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घालावे, कारण ती यादी काही महिन्यांची असते. दरम्यान ‘वेगे’, म्हणजे दोघा-चौघांनी मिळून घेतलेल्या घरातील एखादी खोली शोधत राहावे. जाहिरातीतील ‘काल्टमीट’ म्हणजे केवळ जागेचे भाडे आणि ‘वार्ममीट’ म्हणजे पाणी, हीटर इत्यादींसह भाडे. तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याची करावी.

खोली न पाहता, करार न करता, केवळ फोटो पाहून कोणालाही पैसे पाठवू नयेत. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली टपालाने पाठवतो’ असे म्हणणारा माणूस हमखास लबाड असतो. कायद्याप्रमाणे अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. आमच्या ओळखीतील एका मुलाचे ९०० युरो असेच गेले आणि त्याने ते घरी दोन महिने सांगितले नाही. त्या दोन महिन्यांत तो एक वेळ जेवून राहिला. पैशांपेक्षा मला त्या दोन महिन्यांचे अधिक वाईट वाटते.

३. पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय काय करावे लागते?

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, म्हणून करार करतानाच तो मागून घ्यावा. त्या नोंदीवर पुढचे सगळे अवलंबून असते : बँक खाते, कर क्रमांक, परकीय नागरिक कार्यालयात निवासपरवान्यासाठी अर्ज. व्हिसा संपण्याच्या बऱ्याच आधी हा अर्ज करावा, कारण भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो.

दारावरच्या पाटीवर आणि टपालपेटीवर स्वतःचे नाव लगेच लावावे. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि येथे विम्याचे कार्डदेखील टपालानेच येते.

४. रेडिओ-टीव्हीचे शुल्क भरा असे पत्र आले आहे. माझ्याकडे दोन्ही नाही. तरी भरावे लागेल का?

होय. हे प्रसारण शुल्क यंत्रावर नसून घरावर आहे आणि २०२१ पासून ते महिन्याला १८.३६ युरो आहे. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे आणि आपसात वाटून घ्यायचे; इतरांनी भरणाऱ्याचा क्रमांक कळवला की त्यांचे काम झाले. फरक वसतिगृहात पडतो. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या सामाईक बोळात ज्या खोल्यांची दारे उघडतात, तेथे प्रत्येक खोली हे स्वतंत्र घर धरले जाते आणि शुल्क प्रत्येकाला लागते. पत्राकडे दुर्लक्ष केल्यास थकबाकी वाढत जाते, म्हणून ते बाजूला ठेवू नये.

५. घरून काय आणावे आणि काय आणू नये? आई तूप द्यायचे म्हणते आहे.

तूप आणू नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून बनवलेले पदार्थ आणता येत नाहीत. त्यात तूप, पेढे, खवा, बर्फी हे सगळे आले. ताजी फळे आणि भाजीपाला यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कढीपत्त्याची जुडीही नको. केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना मात्र या प्रमाणपत्रातून सूट आहे. देवापुढचा नारळ बॅगेत ठेवून आईने मला निरोप दिला आणि तो बिनबोभाट येथवर पोहोचला.

तूप येथेच उत्तम होते. अडीचशे ग्रॅमचे बिनमिठाचे लोणी दुकानात मिळते. ते मंद आचेवर कढवले की बेरीसकट घरचा वास येतो. ‘क्वार्क’ नावाचा पदार्थ तर आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. त्यातला जास्त स्निग्धांशाचा घ्यावा, फडक्यात बांधून रात्रभर टांगावा आणि साखर व वेलची घालून श्रीखंड करावे.

आणण्यासारखे म्हणजे गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, घरची हळद, कोकम, पोह्यांची एखादी पिशवी, नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी आणि चांगली विळी किंवा सोलाणे. तूरडाळ, तांदूळ, कणीक, ज्वारीचे पीठ भारतीय आणि तुर्की दुकानांत सापडते. लोखंडी तवा आणून वजन वाया घालवू नये. तो येथे कोणाकडून तरी मिळतो (प्रश्न १७ पाहा).

६. वसतिगृहात कुकर चालतो का? फोडणीने धुराची घंटा वाजते म्हणतात, ते खरे आहे का?

दोन्हींचे उत्तर शेगडीवर आणि शेजाऱ्यांवर अवलंबून आहे. इंडक्शन शेगडीवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, काचेच्या साध्या विद्युत शेगडीवर तापतो. म्हणून आणायचाच असेल तर इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा लहान कुकर आणावा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, तेव्हा शिट्ट्यांची कामे इतर वेळी उरकावीत. शिट्टी म्हणजे काय हे ज्याने कधी ऐकलेले नाही, तो माणूस खरोखर घाबरतो. मी स्वयंपाकघरात एक चिठ्ठी लावली होती : ‘हे भांडे तीन वेळा ओरडेल, मग डाळ शिजलेली असेल.’ त्यानंतर कोणी तक्रार केली नाही.

फोडणीची गोष्ट मात्र गंभीर आहे. येऊन दुसराच महिना होता आणि मी सुक्या मिरचीची फोडणी खिडकी बंद ठेवून केली. धुराची घंटा साऱ्या मजल्यावर वाजली आणि अकरा जण नोव्हेंबरच्या पावसात घरातल्या चपला घालून अंगणात उभे राहिले. त्यातील एकाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी संध्याकाळी शिरा केला आणि प्रत्येकाच्या दारी वाटी घेऊन गेले. त्या अकरांपैकी दोघे आजही माझे सर्वांत जवळचे मित्र आहेत, परंतु म्हणून कोणी घंटेची परीक्षा पाहू नये : आधी खिडकी पूर्ण उघडावी, धूर ओढणारा पंखा लावावा, तेल धुरावू देऊ नये, मिरची शेवटी घालावी. घंटेवर कापड किंवा पिशवी बांधणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

हळदीचा आणखी एक अनुभव सांगते, कारण त्याविषयीही विचारणा होते. सामाईक ओट्याच्या पांढऱ्या पाटावर हळद सांडली तर घासून ती जात नाही, उन्हाने जाते. माझा डाग डिसेंबरमध्ये पडला आणि त्या महिन्यात ऊन नव्हते. मार्चमध्ये खिडकीतून उन्हाचा पट्टा त्या जागेवर यायला लागला आणि आठवड्याभरात पिवळा रंग आपोआप विरून गेला.

७. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. मग जर्मन शिकणे खरेच आवश्यक आहे का?

पदवी मिळवण्यासाठी कदाचित नाही, जगण्यासाठी होय. वर्गात इंग्रजी चालते, पण भाडेकरार, डॉक्टरांच्या दवाखान्यातील फोन, कार्यालयांची पत्रे आणि शेजारच्या आजींचे बोलणे जर्मनमध्येच असते. निघण्यापूर्वी ए-२, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरी, पातळी गाठावी आणि येथे पहिल्याच सत्रात पुढचा वर्ग धरावा, कारण नंतर अभ्यासाचा रेटा वाढतो आणि वर्ग सुटतो तो सुटतोच.

एका गोष्टीत मराठी माणसाला जर्मन सोपी जाते. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, त्यांच्याकडे ‘डू’ आणि ‘झी’. प्राध्यापकांना, कारकुनाला, दुकानदाराला अनोळखीपणी ‘झी’च म्हणायचे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. नपुंसकलिंगाचेही आपल्याला भय नसते. ते मूल म्हणणाऱ्याला ‘दास किंड’ लगेच पटते.

८. शिकवण्याची पद्धत आपल्यापेक्षा किती वेगळी आहे? १.३ गुण म्हणजे वाईट का?

१.३ म्हणजे उत्तम. येथे १.० हा सर्वोच्च गुण आहे, ४.० ला उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. मी पहिल्या निकालाचा आकडा घरी कळवला तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग हळू आवाजात म्हणाली, ‘असू दे बाळा, पुढच्या वेळी बघू.’ ज्यांचे आईवडील हे वाचत असतील, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आकडा जितका लहान तितका आनंद मोठा.

व्याख्यानाची वेळ दहा लिहिलेली असली तरी ते बरेचदा सव्वादहाला सुरू होते. तो पाव तास विद्यापीठांची जुनी परंपरा आहे. मात्र सव्वादहा म्हणजे सव्वादहाच. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पहिल्या दिवशी तीनशे मुलांची ती टकटक एकदम सुरू झाली तेव्हा मला पत्र्यावर वळीव कोसळल्यासारखे वाटले होते. हजेरी सहसा घेतली जात नाही आणि चाचण्याही फारशा नसतात. सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर बहुतेक सारे ठरते. त्यामुळे सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत निवांत वाटते आणि नेमके तेच फसवे असते. दर आठवड्याची उदाहरणे त्याच आठवड्यात सोडवणे हा एकच उपाय मला लागू पडला.

९. एखाद्या विषयात नापास झाले तर परत पाठवतात का?

एकदा नापास झाल्याने काही होत नाही. आमच्या विद्यापीठात एका परीक्षेला साधारणपणे तीन संधी असतात. तिसऱ्यांदाही अनुत्तीर्ण झाल्यास आणि विषय सक्तीचा असल्यास नाव कमी होते व त्याच अभ्यासक्रमाला देशातील इतर विद्यापीठांतही सहसा प्रवेश मिळत नाही. त्याचा परिणाम निवासपरवान्यावर होतो. म्हणून तयारी नसेल तर मुदतीच्या आत परीक्षेतून नाव काढून घ्यावे, आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला वेळेत द्यावा आणि दुसरी संधी हुकली की लगेच विद्यार्थी सल्लागारांना भेटावे. पहिल्या वर्षी एका विषयात मीही अनुत्तीर्ण झाले. बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त पुढची तारीख विचारली आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.

१०. शिकता शिकता काम करता येते का? किती?

मार्च २०२४ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. किमान वेतन तासाला जानेवारी २०२५ पासून १२.८२ आणि जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो आहे. येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे : विद्यापीठातच साहाय्यक म्हणून केलेले काम, ज्याला सगळे ‘हिवी’ म्हणतात, या दिवसांत मोजले जात नाही. तरीही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळावी, कारण ती ओलांडली की सामाजिक विम्याचे नियम बदलतात. स्वतःचा व्यवसाय किंवा घरबसल्या फ्रीलान्सिंग या परवानगीत बसत नाही. त्यासाठी आधी परकीय नागरिक कार्यालयाची संमती लागते, मग ग्राहक भारतातला असला तरी.

माझे मत विचाराल तर पहिल्या सत्रात काम धरू नये. रात्रपाळीला गोदामात जाणारी मुले मी पाहिली आहेत. हप्त्याची चिंता खरी असते, पण सकाळच्या वर्गात झोपून काढलेले सत्र त्याहून महाग पडते. घरी मोकळेपणाने बोलून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज करता आली तर करावी.

११. रविवारी सगळे बंद असते का? हिवाळ्यातला अंधार खरेच इतका त्रास देतो का?

रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या स्थानकांवरील काही दुकाने, सकाळची बेकरी आणि उपाहारगृहे तेवढी उघडी असतात. आखेनकरांची सोय म्हणजे बसने सीमेपलीकडे फाल्स या डच गावी जाता येते आणि तेथील काही दुकाने रविवारी चालू असतात. पासपोर्ट व निवासकार्ड मात्र जवळ हवे.

अंधाराविषयी मी कोणालाही खोटा धीर देत नाही. डिसेंबरच्या अखेरीस येथे साडेआठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारला मावळते; त्या आठ तासांतही आभाळ भरलेले असते. तीन वाजता ग्रंथालयात बसावे आणि दोन तासांनी मान वर करावी तर काचेत बाहेरचे काही न दिसता आपलाच चेहरा दिसावा, असे ते दिवस असतात. सांगलीच्या मुलीला ढग म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे सुगी एवढेच ठाऊक असते. महिनोन् महिने काहीच न पिकवणारे ढग मला समजत नव्हते.

मला उपयोगी पडले ते असे : दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास तरी बाहेर चालणे, मग पाऊस असो, डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाबरोबर तरी स्वयंपाक. शहराच्या मध्यभागी एलिझेनब्रुन्नेन या खांबांच्या दालनात गरम गंधकयुक्त पाण्याची धार वाहते. तिचा वास अंड्यासारखा येतो आणि लोक नाक मुरडतात. मला मात्र लहानपणी बाबांबरोबर पाहिलेली वज्रेश्वरीची कुंडे आठवतात. जानेवारीत त्या वाफेशी उभे राहायला मी अनेकदा मुद्दाम गेले आहे. जूनमध्ये मात्र पावणेदहापर्यंत उजेड असतो आणि सगळे गाव हिरवळीवर पसरलेले असते. तेथवर पोहोचायचे आहे हे डिसेंबरमध्ये स्वतःला सांगत राहावे लागते.

१२. घरी रोज फोन करावा का? वेळ कशी जुळवायची?

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण भारताच्या साडेतीन तास मागे असतो, उरलेल्या काळात साडेचार तास. म्हणजे हिवाळ्यात आपण सहा वाजता घरी येतो तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असतात आणि आई झोपेला आलेली असते. म्हणून मी संध्याकाळचा फोन सोडून दिला. आता येथे सकाळी आठ वाजता, म्हणजे तिकडे हिवाळ्यात साडेबाराला, मी चहा करता करता बोलते आणि आई पोळ्या लाटता लाटता. फोन ओट्यावर टेकवलेला असतो. बरेचदा कोणी काही बोलत नाही आणि लाटण्याचा आवाज तेवढा येत राहतो.

रोज करावा की आठवड्याने, हे घरोघरी वेगळे. मात्र वेळ ठरलेली असावी, म्हणजे वाट पाहणारा माणूस फोन न आल्यास घाबरणार नाही आणि करणाऱ्याला त्याचे ओझे वाटणार नाही.

१३. आजारी पडलो किंवा खचलो तर घरी सांगावे का? ते तिकडे उगाच काळजी करतील.

सांगावे. हे उत्तर मी विचारपूर्वक देते आहे आणि त्यासाठी मला एक खासगी गोष्ट सांगावी लागेल.

पहिल्या हिवाळ्यात मी दोन आठवडे तापाने पडून होते आणि घरी ‘सर्दी आहे’ एवढेच सांगत होते. पुढच्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या दिवसांत, आजी आजारी पडली आणि घरच्यांनी मला तीन आठवडे ते कळू दिले नाही. ‘आजी कुठे आहे?’ असे विचारले की ‘देवळात गेली आहे’, ‘झोपली आहे’ अशी उत्तरे मिळत. शेवटची परीक्षा झाली त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. आजीला जाऊन चार दिवस झाले होते.

मी त्यांच्यावर रागावले आणि मग माझ्या लक्षात आले की त्यांनी माझ्याशी केले तेच मीही त्यांच्याशी करीत होते. दोन्हीकडची माणसे एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि अंतर किलोमीटरांपेक्षा जास्त होते. त्यानंतर आम्ही घरात एक करार केला : आजारपण, पैसा आणि निकाल या तीन गोष्टी त्याच दिवशी सांगायच्या, परीक्षा असो वा नसो. तो आम्ही पाळला आहे. मागच्या वर्षी बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मला तारीख आधी कळली आणि त्या सकाळी मी सात वाजल्यापासून फोनवर होते.

उपचारांविषयी थोडक्यात : जवळचा एक नेहमीचा डॉक्टर पहिल्याच महिन्यात ठरवून ठेवावा, रात्री-अपरात्री, पण जिवावरचे नसेल तेव्हा ११६११७ आणि आणीबाणीत ११२ या क्रमांकावर फोन करावा. मन खचले असेल तर विद्यापीठाची समुपदेशन सेवा विनामूल्य आहे आणि इंग्रजीतही बोलता येते. मी तेथे पाच वेळा गेले आहे.

१४. घरात अचानक काही झाले आणि निवासपरवान्याचे नूतनीकरण अडकले असेल तर भारतात जाऊन परत येता येते का?

अर्ज केल्यावर कार्ड येईपर्यंत जे तात्पुरते पत्र मिळते, त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे हे पाहावे. परकीयांच्या निवासाचा कायदा, कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येते. परिच्छेद ३ असेल तर ते पत्र येथे राहण्यापुरते आहे; त्यावर बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेशाची हमी नाही. पत्र हाती पडेल त्या दिवशीच ही खूण तपासावी, कारण तिची गरज पडते तेव्हा वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास मात्र सर्वसाधारणपणे परवानाच संपतो.

अंत्यविधीला पोहोचणे बहुतेकांना जमत नाही. फ्रँकफर्ट ते मुंबई विमान आठ-नऊ तासांचे असले तरी तिकीट, रेल्वे आणि मुंबईपासून पुढचा रस्ता धरून दीड दिवस जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी दिवसकार्याला जावे. परीक्षा पुन्हा देता येते (प्रश्न ९ पाहा).

१५. गणपती आणि दिवाळी कशी साजरी करता?

गणपतीत व्याख्याने नसतात, पण परीक्षा असतात. दिवाळी हिवाळी सत्राच्या सुरुवातीला येते. मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत आणि देशभराचा पास असल्यामुळे तेथे जाणे परवडते. आम्ही आठ-दहा जण घरीच शाडूची वीतभर मूर्ती करतो. तांदळाची पिठी आशियाई दुकानात मिळते, नारळ खवून घेतो, आणि उकड चिरली तर जर्मन मैत्रीण शांतपणे पाण्याचा हात लावून ती सांधते. तिला आता कळ्या आमच्यापेक्षा नीट पाडता येतात. विसर्जन बादलीत करावे, नदी-तळ्यात नाही. नंतर ती माती आम्ही कुंडीत घालतो.

१६. दोन महिने झाले तरी मन लागत नाही. परत यावे का?

दोन महिन्यांवर निर्णय घेऊ नये, विशेषतः ते नोव्हेंबर-डिसेंबर असतील तर (प्रश्न ११ पाहा). एक संपूर्ण उन्हाळी सत्र पाहावे. त्यानंतरही सकाळी उठावेसे वाटत नसेल, विषयच नकोसा झाला असेल, तर परत जाण्यात कमीपणा काही नाही. माझ्याबरोबरची एक मैत्रीण तिसऱ्या सत्रात नाशिकला परतली आणि आज तिच्या कामात समाधानी आहे. कर्जाचा भाग कठीण असतो, म्हणून निर्णयापूर्वी बँकेशी आणि घरी, दोन्हीकडे खरे आकडे मांडून बोलावे.

१७. पदवीनंतर किती दिवस राहता येते? आणि निघताना काय आवरावे लागते?

नोकरी शोधण्यासाठी पदवीनंतर १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. पोटापाण्याची सोय दाखवावी लागते. राहावे की परतावे हे विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, कारण माझे स्वतःचे अजून ठरलेले नाही. कृष्णेच्या पुराचा अभ्यास मी येथे बसून करते आहे आणि २०१९ मध्ये आमच्या गल्लीत जेथवर पाणी चढले ती खूण आमच्या भिंतीवर आहे. त्या दोन गोष्टी कुठे जुळतील याचा विचार चालू आहे.

कायमचे निघताना नगरपालिकेतील पत्त्याची नोंद रद्द करावी, त्याचा कागद जपून ठेवावा आणि तो दाखवून प्रसारण शुल्क, विमा व फोनचे करार बंद करावेत. खोली सोडण्याची सूचना साधारण तीन महिने आधी लेखी द्यावी लागते. भिंतीला पांढरा रंग लावून द्यायचा का, हे करारात पाहावे. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, म्हणून जर्मन खाते लगेच बंद करू नये.

भांडीकुंडी विकत बसू नयेत. माझा लोखंडी तवा मला कोल्हापूरच्या एका मुलाने दिला, त्याला तो पुण्याच्या एका ताईने दिला होता आणि तिला कोणी दिला हे आता कोणाला आठवत नाही. त्याच्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली आहे आणि भाकरी त्यावर पहिल्याच दिवशी फुगते. येत्या ऑक्टोबरमध्ये येणाऱ्यांपैकी ज्यांना तो हवा असेल, त्यांनी पोहोचल्यावर सांगावे. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात लावावा लागतो, एवढी एकच अट आहे.